आधी आरोप, मग चळवळ

१४ डिसेंबर २०२५ रोजी पॅरिसमध्ये ‘माक’ (कबिलियाच्या स्वयंनिर्णयाची चळवळ, या फ्रेंच नावाची आद्याक्षरं) या संघटनेनं अल्जीरियातला कबिलिया हा डोंगराळ प्रदेश स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १९६० साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं वसाहतींच्या स्वातंत्र्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला होता. आपल्याकडे ही बातमी कुठेतरी कोपऱ्यात आली आणि गेली. पण मी ज्या एका वाचक मंडळींच्या गटावर असतो तिथे मात्र दोन दिवस रण माजलं. एका बाजूचं म्हणणं, हे फ्रान्स, मोरोक्को आणि इस्रायल यांनी मिळून पाळलेलं पिल्लू आहे, खऱ्या कबायली माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तेराशे वर्षांच्या अरबी आणि इस्लामी आक्रमणाविरुद्ध तिथला मूळ माणूस अखेर उठला आहे, आणि आपण टाळ्या वाजवायला हव्यात. दोन दिवस सगळा मजकूर वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की कबिलियात काय घडलं याची दोघांपैकी कुणालाच फारशी पर्वा नव्हती. आपलं इथलं भांडण त्यांनी अॅटलास पर्वतात नेऊन ठेवलं होतं, इतकंच.

मला काय वाटतं ते आधीच सांगतो. कबिलिया हा वेगळा देश व्हावा या मताचा मी नाही, आणि पॅरिसच्या एका सभागृहातून झालेली घोषणा हे लोकमत आहे असंही मी मानत नाही. पण ही मागणी परक्यांनी पेरली, हे म्हणणं इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. अल्जीरियाच्या राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी आणि नंतरच्या राज्यकर्त्यांनी कबायली लोकांवर फुटीरतेचा आरोप केला १९४९ साली, १९६३ साली, १९८० साली. फुटून निघायचं म्हणणारी संघटना निघाली त्याच्या कितीतरी नंतर. साप साप म्हणून पन्नास वर्षं भुई धोपटली, आणि मग एके दिवशी बिळातून खरंच काहीतरी बाहेर आलं. आता तेच लोक म्हणताहेत, बघा, आम्ही सांगत नव्हतो का?

आधी नावांचा घोळ निस्तरू. ‘कबायली’ म्हटलं की आपल्याला १९४७ साली काश्मिरात घुसलेले टोळीवाले आठवतात. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, अरबी ‘कबीला’, म्हणजे टोळी. पण या लोकांचा त्या लोकांशी काही संबंध नाही. हे म्हणजे अल्जीअर्सच्या पूर्वेला जुर्जुरा पर्वताच्या कुशीत राहणारे, ताक्बायलित बोलणारे लोक. तिझी उझू, बजाया आणि बुईरा हे त्यांचे मुख्य भाग. ‘बर्बर’ हा शब्द तर त्यांना अजिबात आवडत नाही, आणि मराठी माणसाला त्याचं कारण समजावून सांगायची गरज नाही. आपणही रानटी माणसाला बर्बरच म्हणतो. ते स्वतःला इमाझिघेन म्हणवतात, एकवचनी अमाझिघ. त्यांची एक म्हण आहे, ‘अनर्रेझ वला नक्नू’. तिचा अर्थ शब्दशः ‘मोडू पण वाकणार नाही’. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलोच. इतकी आपल्या घरातली वाटणारी म्हण भूमध्य समुद्राच्या काठी भेटेल असं वाटलं नव्हतं.

आता टाळ्या वाजवणाऱ्यांचा समाचार पटकन घेतो, कारण त्यांच्या युक्तिवादात फारसा दम नाही. कबायली समाज बहुतांशी सुन्नी मुसलमान आहे. आठव्या शतकात स्पेनमध्ये उतरलेला मुसलमान सेनापती तारिक बर्बर होता. मोरोक्कोतून राज्य करणारी अल्मोराविद आणि अल्मोहाद ही घराणी बर्बर होती. कैरो वसवणाऱ्या फातिमी सत्तेचा पाया कबिलियाच्या पूर्वेकडच्या कुतामा टोळ्यांनी रचला. फ्रेंचांविरुद्धचा १८७१ चा मोठा उठाव पेटला तो रहमानिया या सूफी पंथाचे वृद्ध शेख एल हद्दाद यांनी ८ एप्रिलला जिहादची हाक दिल्यावर. हातातली काठी भिरकावून ‘अशीच फ्रेंचांना समुद्रात फेकू’ असं ते म्हणाले, असं सांगतात. ज्यांना इथे धर्माविरुद्धचा लढा दिसतो त्यांनी या काठीचं काय करायचं ते ठरवावं. भांडण धर्माशी नाही. ‘तू अरब आहेस, आणि नसशील तर देशद्रोही आहेस’ असं सांगणाऱ्या राज्याशी ते आहे.

कट-कारस्थानवाल्यांचं म्हणणं मात्र गंभीरपणे घ्यायला हवं. त्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा फ्रेंच काळातला आहे आणि तो खरा आहे. फ्रेंच अधिकाऱ्यांनी आणि पंडितांनी एकोणिसाव्या शतकात एक सिद्धांत उभा केला: अरब हा भटका, धर्मवेडा आणि आळशी; कबायली मात्र कष्टाळू, घर बांधून राहणारा, पंचायतीनं कारभार करणारा, मुळात युरोपियनच, वरवर मुसलमान झालेला. कार्डिनल लाविजेरी यांच्या मिशनऱ्यांनी कबिलियात ठाणी मांडली, आणि पुढे सरकारी फ्रेंच शाळाही इतर ग्रामीण भागांच्या आधी इथे निघाल्या. हेतू उघड होता: फोडा आणि राज्य करा. हे आपल्याला परकं नाही; ‘लढवय्या जाती’ आणि ‘बिगर-लढवय्या जाती’ अशी इंग्रजांनी केलेली वाटणी आपण भोगली आहे. त्यामुळे स्वतंत्र अल्जीरियाच्या पुढाऱ्यांना बर्बर अस्मितेच्या नावानं धडकी भरली, तर ती केवळ हट्टापोटी होती असं मी म्हणणार नाही. भाजलेल्या माणसानं ताक फुंकून पिण्यात नवल नाही.

पण त्या सिद्धांताला कबायली लोकांनी काय उत्तर दिलं? १८३० साली अल्जीअर्स पडलं तरी कबिलिया फ्रेंचांच्या हाती लागायला १८५७ साल उजाडलं. त्या लढाईत लाला फातमा न्सुमर ही स्त्री लोकांना घेऊन लढली आणि पकडली गेली. १८७१ च्या उठावात त्याचे पुढारी शेख मोक्रानी ५ मे रोजी मारले गेले. उठाव मोडल्यावर साडेचार लाख हेक्टरच्या आसपास जमीन जप्त झाली, जबर दंड बसला, आणि कित्येकांना थेट पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर नेऊन टाकलं. जमीन गेल्यावर माणसं पोटासाठी आधी अल्जीअर्सला आणि मग फ्रान्सला गेली. १९२६ साली पॅरिसमध्ये ‘उत्तर आफ्रिकेचा तारा’ ही स्वातंत्र्य मागणारी पहिली मोठी संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या सभासदांत कबायली कामगारांचा भरणा होता तो यामुळेच. ज्यांना फ्रेंचांनी लाडावलं असं म्हणतात, त्यांनी लाडाची परतफेड केली ती ही अशी.

१९४९ साली याच चळवळीत पहिली ठिणगी पडली. मेसाली हाज यांच्या पक्षातले काही तरुण, त्यातले बरेचसे कबायली, म्हणू लागले की अल्जीरिया हा ‘अरब’ देश म्हणू नका, ‘अल्जीरियन’ म्हणा; इथे अरब आहेत, अमाझिघ आहेत, सगळ्यांचा मिळून देश. आज हे वाक्य कुठल्याही शाळेच्या पुस्तकात शोभेल. तेव्हा मात्र त्यांच्यावर वेगळा कबायली पक्ष काढण्याचा कट रचल्याचा ठपका ठेवण्यात आला, फ्रान्समधल्या कार्यालयांत हाणामाऱ्या झाल्या आणि त्यांची हकालपट्टी झाली. लक्षात घ्या, वेगळा देश कुणी मागितलाच नव्हता. मागणी होती देशाची व्याख्या जरा रुंद करण्याची. या कथेतला पुढचा प्रत्येक अंक याच पहिल्या अंकाची नक्कल आहे.

पाच वर्षांनी फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा कबिलिया, म्हणजे क्रांतिकारकांचा तिसरा विलाया (लष्करी विभाग), सगळ्यात धगधगत्या भागांपैकी एक होता. २० ऑगस्ट १९५६ ला सुम्माम खोऱ्यातल्या इफ्री गावात जी परिषद भरली, तिनं विस्कळीत बंडाला रीतसर सेना, रीतसर नेतृत्व आणि कार्यक्रम दिला. तिचा मेंदू आबान रमदान, हा कबायली माणूस. दीड वर्षात त्याला मोरोक्कोत बोलावून त्याच्याच साथीदारांनी गळा आवळून मारलं, आणि चळवळीच्या मुखपत्रानं तो रणांगणावर पडल्याची बातमी छापली. हा अरबांनी कबायलीचा केलेला खून होता, असं आज काहीजण रंगवतात. ते चूक आहे. त्याला मोरोक्कोला घेऊन जाणाऱ्यांत क्रिम बेल्कासेम होता, आणि तो स्वतः कबायलीच. पुढे याच क्रिमनं युद्ध संपवणाऱ्या एव्हियाँच्या करारावर अल्जीरियाच्या वतीनं सही केली, आणि १९७० साली फ्रँकफर्टच्या हॉटेलात तोही मारला गेला. सत्तेच्या खेळाला जात-भाषा नसते. पण तिसऱ्या विलायाचा कबायली सेनानी कर्नल अमिरूश याची गोष्ट बघा. १९५९ साली तो फ्रेंचांशी लढताना पडला. स्वातंत्र्यानंतर त्याची हाडं सापडली, आणि अध्यक्ष बूमेदियेनच्या राजवटीनं ती जाँदार्म पोलिसांच्या बराकीत गुपचूप कुलूपबंद करून ठेवली. १९८० चं दशक उजाडेपर्यंत ती बाहेर आली नाहीत. ज्या राज्याला आपल्याच हुतात्म्याच्या अस्थींची भीती वाटते, त्याच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं?

स्वातंत्र्य दाराशी आलं असताना, १९६२ च्या एप्रिलमध्ये, पुढे देशाचे पहिले अध्यक्ष झालेले बेन बेला यांनी ट्यूनिसमध्ये उतरल्यावर ‘आम्ही अरब आहोत’ हे तीनदा उच्चारलं. एकदा म्हटलं असतं तर ती ओळख झाली असती. तीनदा म्हटलं की ती धमकी होते. पुढच्याच वर्षी एकपक्षीय राज्यघटना आली, आणि क्रांतीच्या मूळ नऊ नेत्यांपैकी एक असलेले होसीन आइत अहमद यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये समाजवादी शक्ती आघाडी काढून कबिलियात शस्त्र उचललं. त्यांची मागणी होती अनेक पक्षांची, निवडणुकीची, संविधान सभेची. सगळ्या अल्जीरियासाठी. सरकारनं जगाला सांगितलं: हे कबायली फुटीर आहेत. आइत अहमद १९६४ साली पकडले गेले, फाशीची शिक्षा झाली, १९६६ साली तुरुंगातून निसटले, आणि २०१५ साली मरेपर्यंत अखंड अल्जीरियाचेच राहिले. आरोप करणाऱ्यांनी या माणसाची पुढची पन्नास वर्षं पाहिली, पण आरोप काही मागे घेतला नाही.

मग अरबीकरणाचा वरवंटा फिरू लागला. शाळा अरबी झाल्या, नोंदणी कार्यालयात मुलांची अमाझिघ नावं नाकारली जाऊ लागली, बोलण्याची भाषा ही घरात ठेवायची चीज झाली. लोकांना एकत्र ओरडायला एकच जागा उरली, फुटबॉलचं मैदान. १९७७ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात अध्यक्ष बूमेदियेन समोर बसलेले असताना तिझी उझूच्या संघाचे समर्थक आपल्या भाषेतून घोषणा देऊ लागले. थोड्याच दिवसांत क्रीडासुधारणेच्या नावाखाली संघाच्या नावातली ‘कबिलिया’च गेली आणि एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचं बिरुद चिकटलं. संघ तोच, खेळाडू तेच, प्रदेशाचं नाव तेवढं पुसलेलं.

१० मार्च १९८०. लेखक आणि भाषाअभ्यासक मुलूद मामेरी अल्जीअर्सहून तिझी उझूच्या विद्यापीठात व्याख्यानाला निघाले. विषय: जुनी कबायली कविता. शहराच्या अलीकडे द्रा बेन खेद्दाला पोलिसांनी गाडी अडवली आणि व्याख्यान रद्द झाल्याचं सांगितलं. कवितेवरचं भाषण! विद्यार्थी रस्त्यावर आले, संप झाले, आणि २० एप्रिलच्या पहाटे पोलिसांनी वसतिगृहात घुसून झोपलेल्या मुलांना बदडून काढलं. इमाझिघेनचा वसंत म्हणून हे दिवस ओळखले जातात. सरकारची भाषा नेहमीचीच: परकी हात, फुटीर, फ्रान्सचे हस्तक. आणि योगायोग असा की त्याच वसंतात, बरोबर एक महिन्यानं, २० मे १९८० रोजी, क्यूबेकमध्ये कॅनडापासून वेगळं व्हायचं का यावर शांतपणे मतदान झालं. जवळपास साठ टक्के लोकांनी नको म्हटलं. एका देशात वेगळं होण्याचा प्रश्न मतपेटीत घातला गेला, दुसऱ्या देशात कवितेचा प्रश्न लाठीनं सोडवला गेला. पंचेचाळीस वर्षांनंतर यातला कुठला देश अधिक अखंड वाटतो?

१९९४-९५ चं जवळजवळ अख्खं शैक्षणिक वर्ष कबिलियातल्या मुलांनी दप्तर उचललं नाही, आपली भाषा शाळेत शिकवावी म्हणून. एका पिढीचं एक वर्ष. आपल्याकडे दहावीची परीक्षा महिनाभर पुढे ढकलली तर घराघरात काय होतं ते आठवा, म्हणजे त्या आईबापांनी काय पणाला लावलं ते कळेल. त्यातून मिळालं काय, तर अमाझिघ भाषेसाठी एक सरकारी परिषद आणि काही वर्ग. जून १९९८ मध्ये गायक मातुब लुनेस याचा रस्त्यात गोळ्या घालून खून झाला, आणि सार्वत्रिक अरबीकरणाचा कायदा दहा दिवसांनी लागू झाला. लोकांनी काय अर्थ काढायचा?

तरीही २००१ पर्यंत वेगळेपणाची संघटना नव्हती. १८ एप्रिल २००१ ला बेनी दुआलाच्या जाँदार्म चौकीत मासिनिसा गर्माह या शाळकरी तरुणाला गोळ्या लागल्या. दोन दिवसांनी तो गेला. गृहमंत्र्यांनी त्याला मवाली ठरवलं. त्यानंतर जे पेटलं त्यात १२६ माणसं मेली, बहुतेक तरुण, बहुतेक जाँदार्मांच्या गोळ्यांनी. सरकारनंच नेमलेल्या इस्साद आयोगानं जाँदार्मांवर ठपका ठेवला. निःशस्त्र पोरं बंदुकांसमोर उभी राहून ओरडत होती, ‘तुम्ही आम्हाला मारू शकत नाही, आम्ही आधीच मेलेलो आहोत.’ फरहात मेहेनी या गायकानं स्वायत्ततेची हाक दिली ती ५ जूनला, या काळ्या वसंताच्या ऐन मध्यात. ‘माक’चा जन्म तिथला. आणि इथे एक गोष्ट ‘माक’चे समर्थक आणि विरोधक दोघेही सोयीनं विसरतात. सहाच दिवसांनी, ११ जूनला, गावोगावच्या पंचायतींच्या प्रतिनिधींनी एल क्सर गावी बसून पंधरा कलमी मागणीपत्र काढलं. त्यात जाँदार्म हटवा आहे, दोषींवर खटले चालवा आहे, आमच्या भाषेला राजभाषा करा आहे, बेकारांना भत्ता द्या आहे. स्वायत्तता नाही. स्वातंत्र्य तर नाहीच. इतकी प्रेतं उचलूनही बहुसंख्य माणूस म्हणत होता, हा देश आमचा आहे, तो नीट चालवा. तेच मागणीपत्र घेऊन १४ जूनला लाखो लोक राजधानीत चालत गेले, आणि मार खाऊन परतले.

फरहात मेहेनी यांचा जीवनपट समोर ठेवला तर मला जे म्हणायचंय ते एका माणसात दिसतं. बाप स्वातंत्र्ययुद्धात मेलेला, म्हणजे हा हुतात्म्याचा मुलगा. आधी भाषेची गाणी गायला, तुरुंगात गेला. १९८९ ला बहुपक्ष पद्धत आली तेव्हा देशव्यापी लोकशाही पक्षात शिरला. मग शाळा बहिष्काराच्या पुढाऱ्यांत होता. २००१ ला स्वायत्तता म्हणाला. २००४ साली पॅरिसमध्ये त्याच्या थोरल्या मुलाचा खून झाला. २०१० ला पॅरिसमध्येच हंगामी सरकार जाहीर केलं, २०१३ मध्ये संघटनेच्या नावातली ‘स्वायत्तता’ जाऊन ‘स्वयंनिर्णय’ आला, आणि २०२५ ला स्वातंत्र्य. एकेक दार वाजवत गेलेला माणूस शेवटी घराबाहेर जाऊन उभा राहिला. त्याची शेवटची उडी मला पटत नाही. पण आधीची दारं कुणी लावली, हे न विचारता त्या उडीवर बोलणं अप्रामाणिक आहे.

आता परक्या हाताबद्दल. हात आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. मेहेनी २०१२ मध्ये इस्रायलला जाऊन आले. जुलै २०२१ मध्ये मोरोक्कोच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतांनी कबायली जनतेच्या स्वयंनिर्णयाचा पुकारा केला. दीड महिन्याच्या आत अल्जीरियानं मोरोक्कोशी संबंधच तोडले. मोरोक्कोला कबायली माणसाचा कळवळा किती? त्याच देशानं स्वतःच्या रीफ भागातल्या बर्बर आंदोलकांना वीस-वीस वर्षांच्या शिक्षा दिल्या आहेत. पण अल्जीरियानं हा मुद्दा काढावा, हे म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. मोरोक्कोपासून पश्चिम सहाराचं स्वातंत्र्य मागणाऱ्या पोलिसारिओ संघटनेला पन्नास वर्षं आपल्या भूमीवर तळ देऊन स्वयंनिर्णयाचा पाठ पढवणारा देश कोण? आणि खुद्द अल्जीरियाचं हंगामी सरकार सप्टेंबर १९५८ मध्ये जाहीर झालं ते कुठे? कैरोत. तेव्हा फ्रान्सही हेच म्हणत होता: ही इजिप्तच्या नासरनं नाचवलेली बाहुली आहे, खरा अल्जीरियन माणूस आमच्याबरोबर आहे. परक्याचा पैसा आणि परक्याचं व्यासपीठ चळवळीला मलिन करतं हे मान्य. तेवढ्यानं तक्रार खोटी ठरत असेल, तर अल्जीरियाचं स्वातंत्र्यही खोटं ठरेल.

प्रतिनिधित्वाचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. ‘माक’ला कुणी निवडून दिलेलं नाही. कबिलियातले जुने दोन पक्ष, आइत अहमदांचा आणि सईद सादींचा, फुटून निघण्याच्या विरोधात आहेत. लाखो कबायली अल्जीअर्समध्ये पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांचा देश कुठला? औरेसचे शावी, म्झाबचे इबादी, वाळवंटातले तुआरेग हेही अमाझिघ, त्यांनी अशी मागणी केलेली नाही. डिसेंबर २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिझी उझू आणि बजायात जवळजवळ कुणीच मत दिलं नाही, जून २०२१ च्या संसदीय निवडणुकीत मतदान एक टक्क्याच्याही खाली राहिलं. ‘माक’वाले हे आकडे आपल्या खात्यावर जमा करतात. ते चूक आहे. मत न देणं म्हणजे वेगळ्या देशाला मत देणं नव्हे. त्याच २०१९ च्या हिराक या सरकारविरोधी जनआंदोलनाची सुरुवात १६ फेब्रुवारीला बजायाच्या खेर्राता गावातून झाली आणि ते अख्ख्या देशाचं आंदोलन झालं. तिथे कबायली तरुण राष्ट्रध्वज आणि अमाझिघ ध्वज दोन्ही खांद्यावर घेऊन फिरत होते. दोन ध्वज, एक खांदा. लष्करप्रमुखांनी जूनमध्ये दुसऱ्या ध्वजावर बंदी घातली आणि डझनावारी पोरांना तुरुंगात टाकलं. पुन्हा तोच प्रयोग: दोन्ही ध्वज एकत्र वागवणाऱ्याला एकच निवडायला भाग पाडायचं.

१८ मे २०२१ ला ‘माक’ दहशतवादी ठरली. जूनमध्ये दंडसंहितेतली दहशतवादाची व्याख्या इतकी ताणली गेली की शासनपद्धती ‘असंवैधानिक मार्गानं’ बदलू पाहणंही तिच्यात बसलं. ऑगस्टमध्ये तिझी उझूची जंगलं पेटली, नव्वदच्या आसपास माणसं मेली, आणि आग विझवायला मदतीला आलेल्या मिलियानाच्या एका तरुण कलाकाराला लार्बा नाथ इराथेनच्या जमावानं आग लावणारा समजून पोलिसांच्या गाडीतून ओढून ठार मारलं. कबिलियाच्या इतिहासातला हा काळा डाग आहे. त्याला कसलाही आडपडदा नको. पण सरकारनं आग आणि खून दोन्हींचं खापर तडकाफडकी ‘माक’वर फोडलं आणि २०२२ मध्ये एका दमात ४९ जणांना फाशी सुनावली. आता हा शिक्का कुठवर पोचलाय? तिझी उझूच्या फुटबॉल संघावर लिहायला आलेल्या एका फ्रेंच क्रीडा पत्रकाराला २०२५ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, कारण क्लबच्या ज्या माणसाशी तो बोलला होता तो ‘माक’शीही जोडलेला होता. अपिलातही ती कायम राहिली. १९७७ चं मैदान, २०२५ चं मैदान.

‘पण आता सगळं दिलंय ना?’ हा शेवटचा आक्षेप. २००२ मध्ये तामाझिग्त, म्हणजे अमाझिघ भाषा, राष्ट्रभाषा झाली, २०१६ मध्ये राजभाषा, २०१८ पासून यन्नायरची, म्हणजे अमाझिघ नववर्षाची, १२ जानेवारीला सुट्टी. खरं आहे, आणि हे थोडं नाही. फक्त प्रत्येक गोष्टीची तारीख बघा. पहिली १२६ प्रेतांनंतरच्या वर्षी. आणि २०१६ च्या कलमांत अरबी ही ‘राज्याची’ राजभाषा राहतेच. तामाझिग्त ‘सुद्धा’ राजभाषा. या ‘सुद्धा’त सगळं आलं. लिपी कुठली यावर लॅटिन, तिफिनाघ (जुनी अमाझिघ लिपी) आणि अरबी अशी तिरंगी ओढाताण अजून चालू आहे. रोमी की देवनागरी हा कोंकणीचा वाद ज्यांनी गोव्यात जवळून पाहिला त्यांना लिपीच्या भांडणात लिपीखेरीज काय काय असतं हे सांगायला नको.

वेगळ्या देशाबद्दलची माझी भीती मला अझावाद दाखवतो. माली देशातल्या तुआरेगांनी, म्हणजे याच भाषाकुळातल्या लोकांनी, ६ एप्रिल २०१२ ला अझावाद या नावानं स्वातंत्र्य पुकारलं. तीन महिन्यांत जिहादी टोळ्यांनी त्यांना त्यांच्याच शहरांतून हाकललं आणि टिंबक्टूच्या सूफी समाध्या कुदळीनं फोडल्या. आगीतून फुफाट्यात. कबिलिया अझावाद नाही हे मान्य, पण अल्जीरियाच्या सैन्यानं वेढलेला, तेल-वायू नसलेला, पुष्कळ माणसं बाहेर असलेला डोंगर कसा उभा राहणार, याचं उत्तर पॅरिसमधल्या घोषणेत मला सापडलं नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा मनात येतो तो मिझोराम. १ मार्च १९६६ ला लालडेंगांच्या संघटनेनं स्वातंत्र्य पुकारलं, चार दिवसांत आपल्याच विमानांनी आयझॉलवर हल्ला केला, वीस वर्षं जंगलात रक्त सांडलं. १९८६ मध्ये करार झाला आणि तेच लालडेंगा मुख्यमंत्री झाले. द्रविडनाडू मागणारा द्रमुक १९६३ मध्ये ती मागणी सोडून १९६७ मध्ये सत्तेत बसला. आणि आपला संयुक्त महाराष्ट्र? भाषावार प्रांत मागितला तर देशाचे तुकडे होतील म्हणत गोळ्या घातल्या, १०६ हुतात्मे झाले, आणि १ मे १९६० नंतर देशाचे तुकडे काही झाले नाहीत. आपण सगळीकडे असे शहाणे होतो असं नाही. नागालँड आणि काश्मीर यांची नावं काढली की माझा आवाज आपोआप खाली येतो. पण जिथे आपण ऐकून घेतलं तिथे देश टिकला, हे तर आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. मग मराठी माणसानं इथे बसून ‘भाषेची मागणी म्हणजे फुटीरता’ हे अल्जीअर्सचं वाक्य जसंच्या तसं उचलावं?

मला सारखी ती गाडी दिसते. मार्च महिना, डोंगरातला रस्ता, द्रा बेन खेद्दाचा नाका, आत साठीच्या घरातला एक प्राध्यापक, बरोबर शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या ओव्या-पोवाड्यांची टिपणं. पोलिसानं हात दाखवून गाडी पुढे जाऊ दिली असती, तर मुलांनी तासभर कविता ऐकली असती, दोन-चार जणांनी प्रश्न विचारले असते, उरलेले मागच्या बाकांवर पेंगले असते, आणि संध्याकाळी सगळे जेवायला गेले असते.